विश्लेषण : मोबाइलवर हृदयाचे ठोके तपासता येतात; पण 'नॉर्मल' म्हटलं म्हणजे सगळं ठीक असतं का?

लग्नाच्या वरातीत नाचता नाचता कोसळलेला तरुण, जिममध्ये ट्रेडमिलवरून खाली पडलेला माणूस, क्रिकेट खेळताना छातीला हात लावून बसलेला खेळाडू. असे व्हिडिओ दर काही दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यापाठोपाठ फिरते जाहिरात : कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि हृदय ठीक आहे की नाही ते अर्ध्या मिनिटात जाणून घ्या.

या जाहिरातीत थोडं सत्य आहे. मोबाइल आणि स्मार्टवॉच हृदयाचा ताल बऱ्यापैकी ओळखू शकतात, हे लाखो लोकांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलं आहे. मात्र ते जो आजार ओळखतात तो वेगळा, आणि त्या व्हिडिओंमुळे लोकांच्या मनात ज्याची भीती बसते तो हार्ट अटॅक वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत झाली की स्क्रीनवरचा 'नॉर्मल' हा शब्दच धोक्याचा ठरू शकतो.

फोन नेमकं काय मोजतो?

हृदयाची खबर घेण्याचे फोनकडे तीन मार्ग आहेत. प्रकाश, वीज आणि आवाज.

पहिला मार्ग प्रकाशाचा. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही झाकले जातील असं बोट ठेवलं, की फ्लॅशचा उजेड बोटातून जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात रक्त येतं आणि ओसरतं, त्यामुळे कॅमेऱ्याला दिसणारी लाल छटा किंचित बदलते. दोन बदलांमधलं अंतर मोजून अ‍ॅप नाडीचा वेग काढतं. ही अंतरं सारखी नसतील, तर ताल अनियमित असल्याचा इशारा देतं. मनगटावरच्या घड्याळातले हिरवे दिवे हेच काम करतात.

दुसरा मार्ग विजेचा, म्हणजे ईसीजी. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने सुरू होतो. घड्याळाची मागची बाजू एका मनगटाला टेकलेली असते आणि दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर ठेवलं, की दोन हातांमधला विजेचा फरक नोंदला जातो. साधारण ३० सेकंदांत एक आलेख तयार होतो.

तिसरा मार्ग आवाजाचा. फोनचा मायक्रोफोन छातीवर टेकवून हृदयाची 'लब-डब' रेकॉर्ड करायची. हे स्टेथोस्कोपचं काम झालं. लंडनच्या किंग्ज कॉलेजने नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या साथीने त्यासाठी 'इकोज' नावाचं अ‍ॅप तयार केलं. हजारहून अधिक लोकांनी ते वापरलं, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांना निदान एक तरी चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग करता आलं. वेगळं उपकरण न जोडता, फक्त फोनवर.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कॅमेऱ्यावर बोट ठेवल्यावर अनेक अ‍ॅप्स स्क्रीनवर ईसीजीसारखी वरखाली जाणारी रेघ दाखवतात. ती ईसीजी नसते. नाडीच्या मोजमापावरून काढलेली ती रेघ आहे, कधी कधी तर नुसतं सजावटीचं चित्र. दोन इलेक्ट्रोडना शरीराचा स्पर्श झाल्याशिवाय ईसीजी निघत नाही.

ईसीजी आणि टेलिफोनचं नातं किती जुनं?

हे नातं शंभर वर्षांहून जुनं आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईसीजीचं यंत्र बनवलं. ते पावणेतीनशे किलोच्या आसपास वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा.

एवढं मोठं यंत्र रुग्णालयात नेता येईना. म्हणून १९०५ मध्ये आइंथोव्हेन यांनी सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून रुग्णांचा ईसीजी आपल्या प्रयोगशाळेत मागवला. या कामासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. आज घड्याळ दोन हातांमधून जी एक रेघ काढतं, ती आइंथोव्हेन यांनी ठरवलेली पहिली 'लीड'च आहे.

मोबाइलला जोडायच्या ईसीजी उपकरणाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ च्या अखेरीस मंजुरी दिली. अलाइव्हकोर या कंपनीचं ते उपकरण होतं. २०१८ मध्ये अ‍ॅपलने घड्याळातच ईसीजी आणला आणि पुढच्या वर्षी ती सोय भारतातही सुरू झाली.

या उपकरणांना कोणता आजार सापडतो?

मुख्यतः एकच, एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर त्याला थोडक्यात एएफ म्हणतात.

यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरतात. ताल पूर्ण बिघडतो. वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती गुठळी रक्ताबरोबर मेंदूत गेली की पक्षाघात होतो. एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो, असं अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात दिसलं.

एएफची अडचण अशी की अनेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. काहींमध्ये तो येतो-जातो. डॉक्टरकडे गेल्यावर काढलेला ईसीजी अगदी सरळ येतो आणि रात्री दोन वाजता ताल बिघडलेला असतो. कायम सोबत असणारं घड्याळ किंवा फोन इथे खरोखर उपयोगी पडू शकतो. शिवाय यावर उपाय आहे. योग्य रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली, तर पक्षाघाताचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी होतो.

अभ्यास काय सांगतात?

सर्वांत गाजलेला अभ्यास अ‍ॅपलच्या पैशाने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखाली झाला. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात ४ लाख १९ हजार २९७ लोक होते. सुमारे चार महिन्यांत त्यांतल्या २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याला, घड्याळाने अनियमित नाडीचा इशारा दिला. चाळिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ०.१६ टक्के होतं, तर पासष्टीच्या पुढे ते ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

इशारा मिळालेल्यांना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवण्यात आली. ती लावून परत पाठवलेल्या आणि तपासता आलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्के लोकांत एएफ सापडला. मग बाकीचे इशारे खोटे होते का? तसं म्हणता येत नाही, कारण पट्टी इशाऱ्यानंतर काही दिवसांनी लागली आणि एएफ तोवर ओसरलेला असू शकतो. पट्टी अंगावर असतानाच घड्याळाने इशारा दिला, तेव्हा तो ८४ टक्के वेळा बरोबर निघाला.

फिटबिट कंपनीने साडेचार लाखांहून अधिक लोकांवर असाच अभ्यास केला. तिथेही पट्टीवर एएफ सापडण्याचं प्रमाण ३२ टक्के होतं, तर इशारा आणि पट्टी एकाच वेळी असताना इशारा ९८ टक्के बरोबर ठरला.

फोनचा उपयोग वेल्समध्येही तपासला गेला. तिथल्या पासष्टीच्या पुढच्या १,००१ लोकांपैकी निम्म्यांना फोनला जोडायचं ईसीजी उपकरण देऊन आठवड्यातून दोनदा नोंद करायला सांगितलं. वर्षभरात त्या गटात १९ जणांचा एएफ सापडला. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात तो फक्त ५ जणांत सापडला.

एकच चाचणी तरुणाला आणि आजोबांना वेगळी का लागू पडते?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंचावन्नच्या आतल्या हजारात एकाला एएफ होता. ऐंशीच्या पुढे मात्र हजारात ९० जणांना.

आता समजा एक चाचणी आहे. ती १०० पैकी ९५ रुग्ण बरोबर पकडते आणि १०० पैकी ९५ निरोगी लोकांना बरोबर 'ठीक' म्हणते. ऐकायला उत्तमच.

ही चाचणी पंचावन्नच्या आतल्या १,००० लोकांवर केली, तर एकमेव रुग्ण बहुधा सापडेल. पण उरलेल्या ९९९ निरोगी लोकांपैकी सुमारे ५० जणांनाही 'गडबड आहे' असं सांगितलं जाईल. म्हणजे ५१ घाबरलेल्या लोकांत खरा रुग्ण एक.

तीच चाचणी ऐंशीच्या पुढच्या १,००० लोकांवर केली, तर ९० पैकी ८५ रुग्ण सापडतील आणि चुकीचे इशारे ४५ च्या आसपास असतील. इथे दर तीन इशाऱ्यांपैकी दोन खरे. यंत्र तेच आहे, फक्त ते कुणाच्या हातावर आहे ते बदललं.

म्हणून पंचविशीतल्या निरोगी माणसाने दिवसातून दहा वेळा ईसीजी काढला, तर त्यातून आजारापेक्षा काळजीच जास्त हाती लागते. श्वास घेताना आणि सोडताना तरुणांचा ताल थोडा बदलतोच. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखं वाटणं हेही बऱ्याचदा निरुपद्रवी असतं. आणि महागडं घड्याळ बहुतेकदा या पंचविशीतल्याच हातावर असतं. ज्या आजी-आजोबांना त्याचा उपयोग होईल, त्यांच्याकडे ते नसतं.

आजार सापडला म्हणजे पक्षाघात टळला का?

इथे उत्तर अजून पुरतं स्पष्ट नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या सहा हजार लोकांवर 'लूप' नावाचा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाच्या त्वचेखाली सतत ताल नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं. त्या गटात ३२ टक्के लोकांत एएफ सापडला, तर दुसऱ्या गटात १२ टक्क्यांत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही दुपटीहून अधिक लोकांना सुरू झाल्या. पण पक्षाघात किंवा गुठळीचं प्रमाण एका गटात ४.५ टक्के आणि दुसऱ्यात ५.६ टक्के राहिलं. हा फरक योगायोगानेही पडलेला असू शकतो, असं संशोधकांना म्हणावं लागलं.

त्याच वर्षी, २०२१ मध्ये, स्वीडनमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. ७५-७६ वर्षांच्या लोकांना दोन आठवडे घरी हातात धरायच्या उपकरणाने ईसीजी काढायला सांगितलं होतं. तिथे फायदा दिसला, पण अगदी थोडा.

याचा अर्थ असा असू शकतो की वर्षातून काही मिनिटं येणारा एएफ आणि कायम मुक्काम ठोकलेला एएफ सारखेच धोकादायक नसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. त्यामुळे गोळी सुरू करायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वी झालेला पक्षाघात हे सगळं पाहून डॉक्टर ठरवतात. घड्याळाला यातलं बहुतेक काहीच माहीत नसतं. लक्षणं नसलेल्या सगळ्यांचीच अशी तपासणी करावी एवढा पुरावा नाही, असं मत अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यगटाने जानेवारी २०२२ मध्ये नोंदवलं.

हार्ट अटॅक कळतो का?

नाही. अ‍ॅपलचं ईसीजी अ‍ॅप स्वतःच सांगतं की ते हार्ट अटॅक ओळखू शकत नाही.

हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी धमनी तुंबणं. घराच्या भाषेत सांगायचं तर एएफ हा वायरिंगचा बिघाड, हार्ट अटॅक हा पाइपचा. पाइप तुंबत असताना वायरिंग बराच वेळ नीट चालू राहू शकतं. अशा वेळी घड्याळ 'ताल नियमित' असं म्हणेल, आणि तालापुरतं ते खरंही असेल.

डिसेंबर २०२३ मध्ये अभिनेते श्रेयस तळपदे यांना मुंबईत चित्रीकरणाचा दिवस संपल्यावर हार्ट अटॅक आला. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. अशा प्रसंगी जीव वाचतो तो तुंबलेली धमनी वेळेत उघडल्यामुळे. छातीत दुखत असताना घड्याळावर बोट ठेवून 'नॉर्मल' दिसलं म्हणून घरी थांबणं म्हणजे नेमका तोच वेळ घालवणं.

रुग्णालयातला ईसीजी दहा इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहतो, घड्याळ एका बाजूने. बारा लीडचा ईसीजी फोनवरून पाठवायची सोयही आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असं हातात मावणारं टेली-ईसीजी यंत्र विकसित केलं आहे. तमिळनाडूत छोट्या दवाखान्यांतून असे ईसीजी मोठ्या रुग्णालयांत पाठवून हार्ट अटॅकच्या रुग्णांना वेळेत हलवण्याची व्यवस्था उभी केली, तेव्हा वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तिथे फोन होता, पण पलीकडे आलेख वाचणारा डॉक्टर आणि रस्त्यावर रुग्णवाहिकाही होती.

भारतातलं चित्र वेगळं कसं?

वर सांगितलेले बहुतेक अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत. तिथला एएफ हा प्रामुख्याने वाढत्या वयाचा आजार. भारतात मात्र त्याची आणखी एक वाट आहे. लहानपणी घसा दुखून, ताप येऊन सांधे सुजतात आणि पुढे काही वर्षांनी हृदयाची झडप अरुंद होते. हा संधिवाताच्या तापातून होणारा हृदयविकार. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने दीड हजार एएफ रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास होतं आणि जवळपास निम्म्यांना हा झडपेचा आजार होता.

उपचारही त्यानुसार बदलतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत २४ देशांतले असे साडेचार हजार रुग्ण होते. त्यांच्यासाठी नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी गोळी अधिक चांगली ठरली. तिच्यासाठी रक्ताची नियमित तपासणी करत राहावी लागते.

म्हणजे घड्याळाने एएफ बरोबर ओळखला, तरी तो कशामुळे झाला हे त्याला कळत नाही. अरुंद झडपेतून रक्त जाताना जो खरखरीत आवाज येतो, तो स्टेथोस्कोपला ऐकू येतो आणि इकोत झडप दिसते. फोनने हृदय ऐकण्याच्या प्रयोगांचं खरं महत्त्व आपल्याकडे इथे आहे. पण आवाज रेकॉर्ड होणं आणि त्यावरून निदान होणं यात अजून बरंच अंतर आहे.

त्वचेच्या रंगाचाही प्रश्न आहे. गडद त्वचेत घड्याळाचा हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, त्यामुळे मिळणारा संकेत क्षीण होऊ शकतो. मनगटावर गोंदण असेल तरी अडथळा येतो.

कोणत्या अ‍ॅपवर भरवसा ठेवायचा?

'इन्स्टंट ब्लड प्रेशर' नावाचं अ‍ॅप फोन छातीवर टेकवून आणि बोट कॅमेऱ्यावर ठेवून रक्तदाब सांगायचं. लाखाहून अधिक लोकांनी ते विकत घेतलं. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्या दर पाचांपैकी जवळपास चार जणांना ते 'रक्तदाब ठीक' असं सांगत होतं. पुढे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने कंपनीवर कारवाई केली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांची व्याख्या व्यापक झाली असून निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही तिच्यात येतं. त्यामुळे एखादं उपकरण किंवा अ‍ॅप 'निदान' करण्याचा दावा करत असेल, तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेची परवानगी आहे का हे पाहावं. 'फक्त मनोरंजनासाठी' किंवा 'वैद्यकीय वापरासाठी नाही' अशी बारीक अक्षरातली ओळ दिसली, तर तिचा अर्थ तोच घ्यावा.

मग घरी काय करावं?

- छातीत दाब किंवा दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, अचानक तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं : यांपैकी काहीही झालं तर फोनचा एकच उपयोग, १०८ ला कॉल करणं. अ‍ॅपचा निकाल पाहू नये.

- घरात पासष्टीच्या पुढचं कुणी असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर अधूनमधून त्यांची नाडी पाहावी. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. वेग किती आहे यासोबत ठोके सारख्या अंतराने येतात का, हेही बघायचं. याला फोनही लागत नाही.

- फोन किंवा घड्याळाने अनियमित तालाचा इशारा दिला, तर पाच मिनिटं शांत बसून, हात टेकवून पुन्हा नोंद घ्यावी. हालचाल, थंड पडलेली बोटं, सैल पट्टा यांमुळे चूक होते. इशारा पुन्हा आला तर येत्या काही दिवसांत डॉक्टरांना भेटावं.

- डॉक्टरांकडे जाताना नुसतं 'घड्याळाने सांगितलं' असं म्हणू नये. ईसीजीची पीडीएफ, दिवस, वेळ आणि त्या वेळी काय जाणवत होतं हे सोबत न्यावं. धडधड कधीतरीच होत असेल, तर त्या क्षणी काढलेली ३० सेकंदांची रेघ डॉक्टरांना खूप काही सांगते.

- अ‍ॅपच्या निकालावरून कोणतीही गोळी स्वतःहून सुरू करू नये. आणि 'आता ताल नीट दिसतोय' म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद तर मुळीच करू नये. एएफ ओसरलेला दिसला, तरी गुठळीचा धोका संपलेला नसतो.